रजेच्या मापाने बेतलेला किनारा

डिसेंबरच्या अखेरीला गोव्याच्या संगीत महोत्सवाला जायचं ठरलं की सगळ्यात आधी रजेचा हिशेब मांडला जातो. नाताळची सुट्टी, तिला लागून येणारा शनिवार-रविवार, मधल्या दोन दिवसांची किरकोळ रजा. मग रेल्वेचं आरक्षण, जे नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मग खोली, मग भाड्याची स्कूटर. महोत्सवाचं तिकीट तर कोण वाजवणार हे पुरतं जाहीर होण्यापूर्वीच अनेकांनी काढून ठेवलेलं असतं. मराठीत आपण याला बेत म्हणतो, आणि शिंपी कापड बेततो तेव्हाही तोच शब्द वापरतो. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी वाचावा असं माझं म्हणणं आहे. हा इतिहास बहुतेक वेळा हिप्पींचा, अमली पदार्थांचा किंवा यंत्रांचा म्हणून सांगितला जातो. त्या तिन्ही गोष्टी त्यात आहेतच. पण तिथे जमणाऱ्या माणसांना किती दिवसांची मोकळीक होती आणि ती कोणत्या वाटेने पोचत होती, यावरून संगीत किती वेळ चालायचं, कुठे वाजायचं, त्याची रचना कशी असायची आणि भोवती कोणाचं पोट भरायचं हे ठरत गेलं. रजा आखडत गेली तसा या संगीताचा घाटही बदलला.

रात्र जागवायची कशी हे या किनारपट्टीला परदेशी माणसांनी शिकवलेलं नाही. पाऊस सरला, भातकापणी उरकली की कार्तिकापासून कोकणात जत्रांचा हंगाम लागतो. गोव्याच्या पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांत दशावतार उभा राहतो. त्याला देवळासमोरचं अंगण आणि एक बाकडं पुरतं. हार्मोनियम, मृदंग आणि झांजेच्या साथीवर रात्री उशिरा सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो. भोवती खाजं, लाडू, शेंगदाणे विकणारे बसलेले असतात. गोव्यातल्याच बार्देश-सासष्टीच्या ख्रिस्ती गावांत हीच दाटी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला होते, तियात्र या कोकणी नाटकाचे प्रयोग लागतात, खाज्याची दुकानं तीच. उघड्यावर, दिव्यांच्या उजेडात, रात्रभर जमलेल्या माणसांना खाऊपिऊ घालणं हे इथल्या लोकांचं जुनं कसब आहे आणि त्याचं पंचांग पावसाने ठरवलेलं आहे. प्रवासाचं पंचांगही तसंच होतं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जात. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्या बंद होत. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात या मार्गावर चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी होत्या. डेकवर वळकटी पसरून आपली जागा धरायची, रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी मांडवीच्या मुखाशी शिरायचं. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी जायचा तोही रजा मोजूनच. म्हणजे रजा, बोट आणि सण यांचं गणित या भागाला नवं नव्हतं. नवी होती ती अशी माणसं, ज्यांना परतायची तारीखच नव्हती.

साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ती आली. युरोपातून निघायचं, इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत जमिनीवरच्या वाटेने भारतात शिरायचं, कधी काही आठवडे, कधी काही महिने वाटेतच घालवायचे आणि थंडीत गोवा गाठायचा, असा तो क्रम होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेला गोवा तेव्हा भारतात नुकताच सामावत होता. कळंगुट, हणजूण, वागातोर या गावांत माड, मासेमारी आणि थोडी शेती यांवर चालणारं जगणं होतं. घरातली कर्ती माणसं बोटीवर, मुंबईत किंवा आखातात गेलेली, त्यामुळे खोल्या रिकाम्या पडलेल्या. एका हंगामासाठी घर भाड्याने घेणारा परदेशी माणूस घरमालकालाही सोयीचा होता. यर्टवर्ड मझमानियन, म्हणजे ‘एट फिंगर एडी’ या नावाने ओळखला जाणारा आर्मेनियन वंशाचा अमेरिकन, याच सुमारास गोव्यात आला आणि सत्तरीच्या दशकात हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू करण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गिल्बर्ट लेव्ही पुढे ‘गोवा गिल’ झाला आणि २०२३ मध्ये गोव्यातच वारला. हणजूणच्या वाळूवर सुरुवातीला गिटारी आणि ढोल होते, मग रॉकच्या टेप आल्या. पार्टीला पत्रिका नसे, तिकीट नसे, तारीखही बहुधा नसे, पौर्णिमा असे. दिवा नसलेल्या किनाऱ्यावर शेकडो माणसांना वाट दिसायची तर चांदणं लागतं, हे त्यामागचं साधं कारण. बातमी बाजारात किंवा चहाच्या टपरीवर तोंडी फिरे. सहा महिने राहणाऱ्याला जाहिरातीची गरज नव्हती. या पौर्णिमेला चुकलं तर पुढच्या पौर्णिमेला तो तिथेच होता.

या माणसांना स्वातंत्र्याचे पाईक म्हणून डोक्यावर घेणारं बरंच लिहिलं गेलं आहे, आणि त्यावर घेतला जाणारा आक्षेप खरा आहे: ही लांबलचक मोकळीक फुकटची नव्हती. डॉलर-पौंडाच्या जोरावर ती विकत घेतलेली होती. युरोपात काही महिने काम करून साठवलेल्या पैशात हणजूणला हंगाम निघत असे. हणजूणच्या रेंदेराला, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याला, तसा हंगाम कुठेही मिळणार नव्हता. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. कोणाला किती वेळ परवडतो हा प्रश्न या इतिहासाच्या गाभ्याशी सुरुवातीपासून आहे.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि जमिनीवरची वाट तुटली. आता माणसं विमानाने मुंबईत उतरू लागली, तरी राहायची हंगामभरच. याच सुमारास, ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत, फ्रेड डिस्को आणि लॉरेंट या वाजवणाऱ्यांनी रॉक बाजूला सारून युरोपातलं यंत्रांवरचं संगीत लावायला सुरुवात केली. लोकांना आधी ते रुचलं नाही; काही वर्षांत दुसरं काही उरलं नाही. इथे वाजवण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. लंडन-न्यूयॉर्कचा डीजे दोन टर्नटेबलांवर विनाइलच्या रेकॉर्डी फिरवत असे. गोव्याच्या उन्हात विनाइल वाकतं, वाळू-धूळ खाचांत बसते, आणि रेकॉर्डींचं ओझं सहा महिन्यांच्या प्रवासात कोणी वागवायचं? म्हणून इथे कॅसेट आल्या आणि ऐंशीच्या अखेरीपासून डॅट, म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डिजिटल टेप. पार्टीच्या जागी एक टेबल, त्यावर दोन यंत्रं, हाताने नावं लिहिलेल्या टेपांची चळत, नावं वाचायला मेणबत्ती किंवा विजेरी, आणि मागे जनरेटर. आवडलेल्या गाण्यातला गायनाचा भाग काढून फक्त तालाचे तुकडे टेपवर पुन्हा पुन्हा जोडायचे, असलं जोडकाम दुपारी खोलीत बसून चाले. डॅटच्या यंत्रावर गाण्याची लय कमीजास्त करून एक गाणं दुसऱ्यात मिसळणं सोपं नव्हतं. एक संपत आलं की दुसरं सुरू करायचं, इतकंच. त्यामुळे या किनाऱ्यासाठी संगीत रचणारे गाण्याच्या आरंभी आणि शेवटी ठोका नसलेला, धुक्यासारखा लांब भाग ठेवू लागले. गाणी आठ-दहा मिनिटांची झाली, आणि ती एकापाठोपाठ एक अशी लावायची की मध्यरात्रीचा अंधारलेला सूर पहाटे उजळत जावा. संपूर्ण रात्र हाच एक सलग खेळ. तो ऐकणारा माणूस उद्या सकाळी नऊला कामावर हजर व्हायचा नसला तरच ही रचना शक्य होती.

नव्वदीच्या दशकात या संगीताला ‘गोवा ट्रान्स’ हे नाव मिळालं. लंडनमध्ये ड्रॅगनफ्लाय, टिप अशा रेकॉर्ड कंपन्या निघाल्या. पॉल ओकनफोल्डचा ‘गोवा मिक्स’ १९९४ साली बीबीसी रेडिओ वनवरून प्रसारित झाला. हंगामात गोव्यात टेप ऐकायच्या, एकमेकांच्या उतरवून घ्यायच्या, उन्हाळ्यात घरी जाऊन नवं रचायचं आणि पुढच्या नोव्हेंबरात ते घेऊन परत यायचं, अशी ही ये-जा होती. जानेवारी १९९२ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. त्यानंतर सक्तीची लष्करी सेवा संपवलेले इस्रायली तरुण मोठ्या संख्येने भारतात येऊ लागले. सेवेनंतरचे काही महिने मोकळे भटकण्याची तिथे रीतच आहे. अॅस्ट्रल प्रोजेक्शनसारखे या संगीतातले मोठे रचनाकार इस्रायलमधून पुढे आले याचा संबंध मी या लांब रजेशी लावतो.

एक आक्षेप इथे हमखास घेतला जाईल: सिंथेसायझर आणि ड्रम मशीन स्वस्त झाली म्हणून हे संगीत आलं, रजेचा त्यात काय संबंध? शिकागोत हाउस आणि डेट्रॉइटमध्ये टेक्नो त्याच यंत्रांतून निघालं, हे खरंच. पण यंत्र सगळीकडे तेच असताना संगीत निरनिराळं का झालं, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी स्पेनमधल्या इबिझा बेटाकडे पाहावं. तिथेही समुद्र, तिथेही हिप्पी, तिथेही नाचणं. पण तिथे उत्तर युरोपातून चार्टर विमानांनी आठवडा-दोन आठवड्यांच्या सुट्टीवर माणसं लोटत होती. त्यांच्यासाठी पाचा १९७३ साली आणि अॅम्नेशिया काही वर्षांत उघडले: दार असलेले, प्रवेशमूल्य घेणारे, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी चालणारे क्लब. १९८७ च्या उन्हाळ्यात ओकनफोल्ड आणि त्याचे तीन डीजे मित्र छोट्या सुट्टीसाठी तिथे गेले आणि जे ऐकलं ते लंडनच्या क्लबांत घेऊन आले. तोच ओकनफोल्ड पुढे गोव्याच्या संगीताकडे वळला, म्हणून ही तुलना मला विशेष बोलकी वाटते. सुट्टी आखूड असली की दार, वेळ आणि तिकीट लागतं. लांब असली की चंद्र पुरतो.

त्या चांदण्यातल्या ज्या भागाबद्दल मला सर्वात जास्त आस्था वाटते तो स्पीकरपासून थोडा लांब होता. नाचायच्या जागेभोवती हणजूण-वागातोरच्या बायका चटया अंथरून बसत. प्रत्येकीची चटई ठरलेली, समोर रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहाचं भांडं, बाजूला केक, ऑम्लेट, बिस्किटं, फळं, सिगारेटी. नाचून दमलेल्या माणसांचा घोळका तिथे येऊन टेके, झोपे, पैसे नसतील तर उधारीवर चहा घेई. परदेशी लोक त्यांना ‘चाय ममा’ म्हणत. संध्याकाळी सामान डोक्यावरून किंवा टेम्पोतून न्यायचं, उजाडून ऊन चढेपर्यंत बसायचं, आणि हे करताना सोबत बहुधा घरातली मुलंही असायची. जत्रेतल्या खाज्याच्या दुकानाचं आणि फेस्ताच्या फेरीचं कसबच इथे कामाला आलं. या चटयांवर अनेक घरांतलं शिक्षण, छप्पर, औषधपाणी निघालं. गोव्यातल्या या पार्ट्यांचा अभ्यास करणारे भूगोलाचे अभ्यासक अरुण सालढाणा यांनी २००७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या बायकांची नीट दखल घेतली आहे. गोऱ्या आणि सावळ्या माणसांमध्ये त्या नाचाच्या जागीही कशी अदृश्य रेघ होती, हे त्यांनी दाखवून दिलं. ती रेघ मान्य करूनही सांगायला हवं की या व्यवहारात गावाचा हिस्सा थेट गावाच्या हातात पडत होता. चटई टाकायला कोणाशी करार करावा लागत नसे.

ऐंशीच्या मध्यापासून दाबोळीच्या विमानतळावर जर्मनी, ब्रिटनची चार्टर विमानं उतरू लागली. दोन आठवड्यांचं पॅकेज, हॉटेल आधी ठरलेलं. याला विरोधही लगेच झाला. १९८७ साली उभी राहिलेली ‘जागृत गोंयकारांची फौज’ पाणी, जमीन आणि किनारा पंचतारांकित हॉटेलांच्या घशात जातोय म्हणून रस्त्यावर उतरली. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं आणली, तरी कळंगुट-कांदोळीचा किनारा भरतच गेला. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला पौर्णिमेची वाट बघणं शक्य नव्हतं. पार्ट्या वारंवार होऊ लागल्या, टॅक्सीवाला आणि हॉटेलचा पोरगा बातमी देऊ लागला, पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे पायलट रात्रभर फेऱ्या मारू लागले. आवाजही वाढला, आणि शेजारी झोपणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे, परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे हालही.

मग २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद; राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक आणखी ठामपणे सांगितला. जुनी रात्रभराची पार्टी कायद्यानेच संपवली, रजेने नव्हे, असं यावर कोणी म्हणेल, आणि निम्मं ते बरोबर आहे. नियम नसता तर पौर्णिमेची रात्र आणखी काही वर्षं तगली असती. नियम योग्यही होता. झोपेचा हक्क चटईवालीच्या घरालाही आहे. पण कायद्याने फक्त काय बंद करायचं ते सांगितलं. त्या जागी काय उगवलं, कोणासाठी उगवलं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी विमानाचं वेळापत्रक बघावं लागतं.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि मुंबईहून रात्री बसलेला माणूस सकाळी गोव्यात थिवीला उतरू लागला. २००३ मध्ये एअर डेक्कन, २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो अशा स्वस्त विमानकंपन्या निघाल्या. मुंबई, पुणे, बंगळुरूत सॉफ्टवेअर आणि सेवा क्षेत्रात नोकरी करणाऱ्या तरुणांच्या हाती पैसा आला होता, वेळ मात्र मोजका होता. अमेरिका-युरोपातली ऑफिसं नाताळात थंडावली की इथेही काम मंदावतं, तेव्हा चार दिवस निघतात. त्या चार दिवसांच्या मापाने डिसेंबर २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ बेतला गेला. पर्सेप्ट कंपनीने भरवलेल्या त्या पहिल्या महोत्सवात कार्ल कॉक्स, अबव्ह अँड बियाँड ही मोठी नावं होती, आणि समोरचा श्रोता बहुसंख्येने भारतीय होता. त्याआधी या किनाऱ्यावर असं क्वचितच घडलं होतं. दुपारी सुरू, रात्री दहाच्या आत बंद; कुंपण, मनगटाला पट्टी, तासाभराचे ठरलेले कार्यक्रम, शिगेला पोचणारी छोटी गाणी. चंद्राचा संबंध उरला नाही. कुंपणाच्या आत खाण्यापिण्याचे स्टॉल करारावर लागतात, त्यामुळे चटईलाही जागा उरली नाही. ज्याला वर्षात चारच दिवस मिळतात त्या श्रोत्याला मी यात दोष देणार नाही. त्याचं नाचणं हणजूणच्या जुन्या लोकांपेक्षा कमी खरं ठरवण्याची जी सवय पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. गावाच्या हातून जे निसटलं त्याचा हिशेब मात्र मांडायला हवा.

माझ्या म्हणण्याचा सर्वात ठोस पुरावा महोत्सवाच्या पुढच्या मुक्कामांत आहे. २०१३ मध्ये तो वागातोरला गेला, २०१६ मध्ये चक्क पुण्याजवळ केसनंदला, जिथे समुद्र नाही. पुढे गोव्यात परतला आणि २०२४ च्या डिसेंबरात पेडणे तालुक्यातल्या धारगळला भरला. धारगळ किनाऱ्यावर नाही. ते राष्ट्रीय महामार्ग ६६ वर आहे, आणि जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागलेल्या मोपाच्या विमानतळाला जोडणारा रस्ता तिथूनच फुटतो. गावातल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, महोत्सव झाला. समुद्र त्यातून केव्हाच गळाला होता. ज्या गोष्टीवाचून महोत्सवाचं खरोखर अडतं तो विमानतळ आणि रस्ता. २०२५ सालासाठी तर आयोजकांनी मुंबईच जाहीर केली, शिवडीचा बंदरपट्टा. गोव्याच्या बोटी सुटायच्या तो भाऊचा धक्का तिथून काही किलोमीटरवर आहे.

पेडण्यात दशावतार अजून चालतो, आणि ध्वनिक्षेपकाचा नियम त्यालाही लागू आहे. हणजूणच्या ज्या बायकांनी ऐंशी-नव्वदीच्या दशकांत चटया टाकल्या त्या आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या घरांत भाड्याच्या वह्या असतील, उधारीचे हिशेब असतील, कोणत्या पौर्णिमेला कुठे किती चहा गेला याच्या आठवणी असतील. या पार्ट्यांवर इंग्रजीत पुस्तकं आणि माहितीपट निघाले. या बायकांच्या तोंडून, त्यांच्या कोकणीत, फार थोडं उतरवलं गेलं आहे. येत्या डिसेंबरात जो कोणी गोव्याचा बेत करील त्याने आपल्या चार दिवसांतला एक सकाळचा तास त्यासाठी ठेवावा, वही घेऊन जावं आणि आधी रीतसर विचारून मग लिहून घ्यावं.